भुंग्याची गोष्ट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मैदानावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. माझी १९६१ सालची फोक्सवॅगन बीटलही तिथे उभी होती. सकाळपासून लोक येत होते, फोटो काढत होते, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न विचारत होते. मी खुशीत होतो. तेवढ्यात सातवी-आठवीतली एक मुलगी आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, ‘‘काका, ही हिटलरची गाडी ना? आमच्या सरांनी सांगितलंय.’’

मी म्हटलं, ‘‘छे गं, ही तर हर्बीची गाडी. त्या सिनेमातली, त्रेपन्न नंबरची.’’ आजूबाजूचे लोक हसले. ती मात्र हसली नाही. ‘‘पण सुरुवात त्यानेच केली ना?’’ एवढं म्हणून ती पुढच्या गाडीकडे गेली.

त्या दिवशी घरी परत येताना मला माझंच उत्तर खटकत राहिलं. ज्या गाडीचा एकेक बोल्ट मी हाताने खोलला होता, तिच्याबद्दल एका शाळकरी मुलीला सरळ उत्तर मी देऊ शकलो नव्हतो. आज त्या गाडीबद्दल, या छंदाबद्दल आणि त्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

ही गाडी माझ्याकडे आली २०११ साली. सांगलीकडच्या एका डॉक्टरांच्या वाड्यामागे, आंब्याखाली ती वीसेक वर्षं उभी होती. चाकं जमिनीत रुतलेली, आत कोंबडीने अंडी घातलेली. मी मनाशी हिशेब केला, तीन महिने काम आणि वर एक रंगाचा हात! प्रत्यक्षात लागली चार वर्षं. खर्चाचा आकडा सांगत नाही, कारण घरातली मंडळीही रेडिओ ऐकतात.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिचं इंजिन मागे असतं आणि सामान ठेवायची जागा पुढे. इंजिन थंड करायला पाणी नाही, म्हणून रेडिएटर नाही. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. वर एक मोठा पंखा, तो हवा ओढतो आणि सिलिंडरांवर सोडतो. माझ्या गाडीचं इंजिन ११९२ सीसीचं, ताकद ३४ अश्वशक्ती. आजच्या लहानात लहान मोटारीहूनही कमी. ताशी ११५ किलोमीटरच्या पुढे ती कधीच जाणार नाही आणि जाऊही नये.

हिच्यात पेट्रोलचा काटा नाही. तो काटा पुढे १९६१च्या ऑगस्टपासूनच्या गाड्यांना आला, माझी त्याच्या थोडी आधीची. पेट्रोल संपत आलं, की इंजिन आचके देऊ लागतं. मग पायाजवळचा एक छोटा खटका फिरवायचा, म्हणजे राखीव पाचेक लिटर पेट्रोल मिळतं. आपल्या स्कूटरला असायचा तसाच हा प्रकार. खटका आधीच फिरवून ठेवला असेल आणि लक्षात नसेल, तर उरलेला प्रवास पायी!

पुट्टीखालचं सत्य

जुनी गाडी घेणारा माणूस आधी इंजिनाकडे पाहतो. मीही तेच केलं आणि तिथेच चुकलो. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर लटकलेलं असतं. सराईत माणसं जॅक लावून ते अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरवतात. इंजिन दुरुस्त होतं, नाही झालं तर दुसरं मिळतं. खरा शत्रू गंज.

दारांखालून, गाडीच्या दोन्ही बाजूंनी, पत्र्याच्या दोन पोकळ नळ्या गेलेल्या असतात. थंडीच्या देशात त्यांतून गरम हवा आत सोडत. आपल्याकडे त्या हवेची गरज नाही, पण त्या नळ्यांवरच गाडीचा सांगाडा तोललेला असतो. दुसरी जागा मागच्या सीटखालची. तिथे बॅटरी बसते. ॲसिड सांडतं, खालचा पत्रा खातं आणि एक दिवस बॅटरीच रस्त्यावर उतरू पाहते. जुन्या सीटच्या लोखंडी स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकल्या, तर ठिणगी पडून आगही लागू शकते. तिथे रबराचं झाकण हवंच. अनेक गाड्यांतून नेमकं तेच हरवलेलं असतं.

माझ्या गाडीवर बाहेरून लाल रंग होता. बरा दिसत होता. खरवडायला घेतला, तर खाली बोटभर जाडीची पुट्टी. पत्रा गेलेल्या ठिकाणी कुणीतरी पुट्टी भरून, घासून, वर रंग मारला होता. आधीच्या मालकाला फसवलं होतं की त्यानेच तसं करायला सांगितलं होतं, देव जाणे.

इथे नवख्यांसाठी एक धोक्याची सूचना. खालच्या नळ्या कापून नव्या जोडायच्या असतील, तर आधी दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून घ्या. तसं केलं नाही, तर बॉडी मधेच बसते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. दुसरी गोष्ट, खोललेला प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावा आणि खोलण्याआधी फोटो काढा. ‘लक्षात राहील’ असं वाटतं, पण राहत नाही. माझ्याकडे श्रीखंडाचे शंभरेक रिकामे डबे जमले होते. बायको म्हणायची, गाडी नाही झाली तर डेअरी काढा.

घाटातला धडा

चार वर्षांनी, २०१५ साली, गाडी उभी राहिली. इंजिन एका गॅरेजातून नवं करून आणलं होतं. पहिल्याच मोठ्या प्रवासाला निघालो साताऱ्याकडे. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि गाडीची ताकद गेली. तापलेल्या ऑइलचा वास आला. ऑइलच्या दाबाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. गाडी बाजूला घेतली आणि तासभर दगडावर बसून राहिलो. जाणारे ट्रकवाले हात हलवून हसत होते.

पुण्यात परतल्यावर कुणीतरी एका म्हाताऱ्या मेस्त्रींचा पत्ता दिला. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी अशा गाड्यांवर काम केलेलं. वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी मागचं झाकण उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि इंजिनाला हातही न लावता म्हणाले, ‘‘साहेब, हिचं रबर कुठंय?’’

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. इंजिनाच्या चारही बाजूंनी पत्रे असतात आणि त्या पत्र्यांच्या कडेने रबराची एक पट्टी. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यात ती पडदा धरते. पंख्याने वरची थंड हवा घ्यायची आणि तापलेली हवा खाली सोडायची. पट्टी नसेल, तर खालची गरम हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच पुन्हा सिलिंडरांवर मारतो. ‘‘माणसाला त्याचाच सोडलेला श्वास परत घ्यायला लावला, तर काय होईल?’’ असं त्यांनी मला विचारलं.

इंजिन बांधणाऱ्याने ती पट्टी आणि दोन पत्रे ‘उगाच आहेत’ म्हणून काढून टाकले होते. त्याला वाटलं, इंजिन मोकळं ठेवलं की जास्त हवा लागेल. पाण्याच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिकच आहे. पण या गाडीत हवाच पाण्याचं काम करते आणि पत्रे हे त्या पाण्याचे पाट. पाट फोडले, तर शेताला पाणी कसं मिळणार?

ते पत्रे आम्ही जुन्या बाजारात शोधले, मिळाले नाहीत. शेवटी मेस्त्रींनी पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि त्यांवरून पत्रे घडवून घेतले. रबर परदेशातून मागवलं. त्यानंतर मी मे महिन्यात खंबाटकी चढलो आहे, हिरवा दिवा लागलेला नाही.

मेस्त्रींकडून मी पुढची काही वर्षं शिकत राहिलो. टॅपेट नेहमी इंजिन थंड असतानाच बसवायचे. दोन पत्त्यांच्या मधली फट केसाएवढी, पण ती चुकली की व्हॉल्व्ह जळलाच. डाव्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरवर, म्हणजे तिसऱ्यावर, जास्त लक्ष ठेवायचं, कारण त्याच्या वाटेत ऑइल कूलर उभा असतो आणि त्याला हवा कमी मिळते. पुढे १९७१च्या मॉडेलपासून कंपनीने कूलरची जागाच बदलली, पण मेस्त्रींना हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. जळलेले व्हॉल्व्ह पाहून कळलं होतं. लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही, तिथल्या तिथे थांबायचं, कारण डायनामोचा पट्टाच पंखाही फिरवतो. पट्टा तुटला, की हवा बंद.

एक दिवस ते म्हणाले, ‘‘साहेब, आता फट दिसत नाही. पत्ता तुम्ही धरा, मी हाताने सांगतो.’’ त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, अशा गाड्यांवर आज कुणाचं घर चालणार? पण त्या दिवसापासून मी वही करायला घेतली. ते सांगायचे, मी लिहायचो. तीन वह्या भरल्या. आता मेस्त्री नाहीत. माझ्याकडच्या सगळ्या सुट्या भागांपेक्षा मी त्या वह्या जास्त जपून ठेवतो.

जर्मनीतली हौस, आपल्याकडची हौस

या छंदाचं माहेर जर्मनी. तिथे या गाडीला ‘केफर’ म्हणतात, म्हणजे भुंगा. आणि जुन्या गाडीला शब्द आहे ‘ओल्डटायमर’. १९९७ सालापासून तिथे अशा गाड्यांना खास नंबरप्लेट मिळते, नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर असलेली. गाडी निदान ३० वर्षांची हवी, चांगल्या स्थितीत हवी आणि बरीचशी मूळ रूपात हवी. तज्ज्ञ तपासून तसा दाखला देतो. मग गाडी लहान असो की मोठी, वर्षाचा कर एकच, सुमारे १९२ युरो. सरकारने तिच्याकडे जपण्याजोगा वारसा म्हणून पाहिलं, हा त्यातला मुद्दा. हेसेन राज्यातल्या बाड काम्बर्ग या गावी १९७९ सालापासून जुन्या फोक्सवॅगन गाड्यांचा मोठा मेळा भरत आला आहे. जिवलग भेटावेत तशा लोकांच्या गाड्या तिथे भेटतात.

आपल्याकडेही २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी यांत बसतात. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका, शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. गाडी आधीच नोंदलेली असेल, तर जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी, पण रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. हौशी माणसाला एवढं पुरे.

एक सूचना मात्र आताच्या काळाची. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साठ वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, चिरतं. बीटलमध्ये पेट्रोलची नळी जाते ती गरम इंजिनाच्या अगदी जवळून. तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी हात लावून पाहा.

आता मूळ रूप म्हणजे काय, हा आमच्या मंडळींतला कायमचा वाद. काहींना गाडी शोरूममधून आल्यासारखी चकचकीत हवी. काहींना तिच्या अंगावरचे ओरखडेसुद्धा हवेत. माझ्या गाडीचा लाल रंग खरवडल्यावर हातमोजे ठेवायच्या खणाच्या आतल्या बाजूला मूळ फिकट निळा रंग सापडला. बाहेरून गाडी मी त्याच निळ्या रंगात रंगवली, पण खणाच्या आतला तो वीतभर तुकडा तसाच ठेवला. जुळणी करायला रंगारी तिथे ब्रश घेऊन बसला होता, त्याला मी अक्षरशः हात धरून थांबवलं. गाडी नवी करण्याच्या नादात तिच्याकडचा शेवटचा पुरावा मीच पुसणार होतो.

त्या मुलीचं उत्तर

आणि पुराव्याचाच विषय निघाला आहे, तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

होय बाळ, सुरुवात त्याच्याच राजवटीत झाली. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार, ही कल्पना जर्मनीत आधीपासून अनेकांच्या डोक्यात होती. पण हिटलरच्या सरकारने ती उचलली. आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा. २६ मे १९३८ रोजी कारखान्याची कोनशिला बसली. किंमत जाहीर झाली ९९० मार्क. दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट घ्या, कार्डावर चिकटवा, कार्ड भरलं की गाडी तुमची, अशी योजना होती. ३ लाख ३६ हजारांवर माणसांनी पैसे भरले. गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखान्यात लष्करी वाहनं बनू लागली. बऱ्याच कोर्टकचेऱ्यांनंतर १९६१ साली त्या बचतदारांशी तडजोड झाली, नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सूट किंवा रोख १०० मार्क. म्हणजे ज्या वर्षी माझी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्याच वर्षी.

याहून वाईट भाग पुढे आहे. युद्धकाळात त्या कारखान्यात सुमारे २० हजार माणसांना जबरदस्तीने राबवण्यात आलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदी होते, पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून उचलून आणलेले स्त्री-पुरुष होते. हा इतिहास कंपनीने पुढे इतिहासकार हान्स मॉमसेन यांच्याकडून तपासून घेतला, तो ग्रंथ १९९६ साली आला. १९९८ मध्ये कंपनीने त्या कामगारांसाठी मदतनिधी उभा केला. १९९९ साली कारखान्यातल्याच एका जुन्या हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात स्मृतिस्थळ झालं.

आणि तरीही रस्त्यांवर आलेली बीटल ही त्या राजवटीची नव्हे. १९४५ साली मोडक्या कारखान्याचा ताबा ब्रिटिश सैन्याकडे आला. आयव्हन हर्स्ट नावाच्या तरुण मेजरने तिथे उत्पादन सुरू केलं. लोकांना काम हवं होतं आणि ब्रिटिशांना वाहनं. १९४८ पासून हाइन्रिश नॉर्डहॉफ यांनी कारभार हाती घेतला आणि १९५५च्या ऑगस्टमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा विक्रम मागे टाकला. शेवटची बीटल मेक्सिकोत प्वेब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी तयार झाली. एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर. ती ब्राझीलमध्ये ‘फुस्का’ झाली, मेक्सिकोत ‘व्होचो’ झाली आणि टॅक्सी म्हणून राबली. सांगलीच्या डॉक्टरांना घेऊन ती रात्री-अपरात्री बाळंतपणांना गेली.

जर्मनीशी आपलं नातं तसं रोजच्या बोलण्यातलं आहे, आपल्या ध्यानात नसतं एवढंच. आपण म्हणतो, ‘टेम्पो करून सामान आणा.’ हा टेम्पो म्हणजे एका जर्मन तीनचाकीचं नाव. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोने ती आपल्याकडे बनवली आणि नाव मराठीत कायमचं राहिलं. २००९ साली तर फोक्सवॅगनचा कारखानाच आपल्या चाकणला आला.

त्या प्रदर्शनानंतर मी एक साधी पाटी करून घेतली. प्रदर्शनात गाडीशेजारी ती ठेवतो. वरच्या भागात इंजिन, वर्ष, रंग. खालच्या भागात बचतीचं कार्ड, राबवलेली माणसं आणि तो ब्रिटिश मेजर, सगळं चार ओळींत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांना ते आवडलं नाही. ‘‘अहो, लोक मजा करायला येतात, तिथे हे कशाला?’’ असं ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ‘‘पुट्टीखाली काय आहे हे मला कळायला चार वर्षं लागली. आता तीच पुट्टी पुन्हा कशी भरू?’’ पाटी अजून तिथेच असते. लोक वाचतात, काही क्षण गप्प होतात आणि मग विचारतात, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ दोन्ही प्रश्न मला चालतात.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरामागे, झाडाखाली, एखादी जुनी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तिचं बॉनेट उघडून पाहा. गाडी चालू करणं जमलं नाही, तरी ती चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांना बोलतं करा आणि लिहून ठेवा. लोखंडाचा भाग पुन्हा घडवता येतो. माझ्या वह्यांमध्ये तिसऱ्या सिलिंडरच्या पानावर मेस्त्रींच्या ऑइलच्या बोटाचा ठसा उठला आहे. तसा दुसरा आता कुठे मिळणार?

ती मुलगी आता कॉलेजात असेल. कधी भेटली, तर तिला एक फेरी मारून आणायची आहे. खटका तिलाच फिरवू देईन.